तपकिरी ठिपके

(दृश्य: काचेच्या स्लाइडवर निळसर तुकडा. सूक्ष्मदर्शकाचं भिंग हळूहळू खाली येतं.)

पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेली असतात आणि एके दिवशी पुन्हा अंगावरून जातं. बाई दवाखाना गाठते. सोनोग्राफी होते, मग क्युरेटिंग किंवा बायोप्सी. गर्भपिशवीच्या अस्तराचा चिमूटभर तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसून पॅथॉलॉजीत येतो. तिथं त्याचा केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, काचेवर चिकटवतात आणि एकाच ठरावीक प्रथिनाला धरणारं रसायन त्यावर सोडतात. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग उमटतो. नसेल तिथं नुसता निळा.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये आपल्याला हा तपकिरी रंग वाचायचा आहे.

अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. भांडीकुंडी सगळ्यांकडे सारखी, पण आज चुलीवर काय चढलंय ते घरोघरी वेगळं. कुठलं जनुक कामाला लागलंय आणि कुठलं गप्प आहे, याला शास्त्रात जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. शब्द जड आहे. आम्ही इथं जनुक बोलतंय किंवा गप्प आहे, एवढंच म्हणू.

गर्भाशयाच्या अस्तराला वाढायची सवयच असते. दर महिन्याला इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीत शिरतं, आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला धरणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि वाढीची जनुकं बोलू लागतात. मग प्रोजेस्टेरॉन येतं आणि ‘बास’ म्हणतं. पाळी गेल्यावर बीजांडकोशांचं काम थांबतं, चरबीचं मात्र थांबत नाही. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतच राहतं, आणि आता ‘बास’ म्हणायला कोणी नसतं. वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हा कॅन्सर अधिक दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे.

(दृश्य: स्लाइडवर चार चौकटी. दोन तपकिरी, दोन निळ्या.)

निळ्यांतली एक चौकट एमएलएच-१ची, दुसरी त्याच्याबरोबरच नाहीशा होणाऱ्या जोडीदाराची, पीएमएस-२ची. एमएलएच-१ हे डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या टोळीतलं प्रथिन. इथं गंमत अशी, की बहुतेक वेळा त्याचं जनुक मोडलेलं नसतंच. त्याच्या दारावर मिथाइलचे रेणू चिकटून कुलूप बसलेलं असतं. जनुक धडधाकट, पण मुकं. दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात. हा फरक घरच्यांसाठी फार मोठा आहे: कुलूप असेल तर दोष सहसा त्या गाठीपुरता. कुलूप नसेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचा संशय येतो आणि बहिणी-मुलींचीही तपासणी करावी लागते.

२०१३ साली ३७३ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या आजाराचे चार गट पडले. त्यातला एक गट अजूनही कोड्यात टाकतो. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम बनवणाऱ्या पीओएलई या जनुकात बिघाड झालेल्या गाठींमध्ये चुकांचा अक्षरशः पाऊस असतो; तरी याच बायका सगळ्यात बऱ्या होतात. इतकी विचित्र प्रथिनं तयार होतात, की प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीत गर्दी करतात, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. हा बिघाड तपकिरी रंगात दिसत नाही, त्यासाठी डीएनएच वाचावं लागतं.

पी-५३ या गाठींना आवर घालणाऱ्या प्रथिनाचा बिघाड मात्र दिसतो. ते निरोगी असेल तर कुठे गडद, कुठे फिकट, असे विखुरलेले ठिपके. बिघडलं असेल तर प्रत्येक केंद्रक काळपट तपकिरी, नाहीतर एकही नाही. दोन्ही टोकं वाईटच.

(दृश्य: गाठीची कड. सुट्या पेशी स्नायूत घुसताना.)

पसरायचं तर आधी शेजाऱ्याचा हात सोडावा लागतो. पेशींना एकमेकींशी बांधणारं ई-कॅडहेरिन कमी पडतं आणि भलतीच जनुकं बोलू लागतात. एल-वन-कॅम हे त्यातलंच. मुळात वाढत्या मज्जापेशींना वाट काढून देणारं प्रथिन. गर्भाशयात त्याचं काय काम? पण गाठीत ते बोलू लागलं, की पेशी फिरू लागतात. २०१३ सालीच पहिल्या टप्प्यातल्या हजारावर रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्यात हे प्रथिन दिसलं, त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींचा आजार उलटला. ज्यांच्यात नव्हतं, त्यांतल्या शंभरात तिघींचा.

२०२३ साली टप्पे ठरवायचे जागतिक नियमही बदलले. गाठ गर्भाशयाच्या मुखापर्यंत पोचलेली, पण पीओएलई बिघडलेलं असेल, तर टप्पा पहिलाच लिहितात. आणि गाठ पिशवीतच, स्नायूत जेमतेम शिरलेली, पण पी-५३ बिघडलेलं?

(दृश्य: रिपोर्टवर पेन थांबतं.)

टप्पा दुसरा.