नकाशावरचा त्रिकोण डोंगरावर कसा शोधायचा?

[हातात टोपोशीट, म्हणजे डोंगर-उतार दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा, कॅमेऱ्याच्या जवळ]

नमस्कार मंडळी. हा बघा, नकाशावर एवढुसा त्रिकोण, पोटात टिंब, शेजारी उंचीचा आकडा. हा ट्रिग पॉइंट, म्हणजे त्रिकोण मोजणीचं ठाणं. इथून शेजारच्या डोंगरांकडं बघून कोन मोजायचे आणि जागेवर दगडात खूण कोरून ठेवायची. नुसतं टिंब आणि आकडा असेल तर ती फक्त उंचीची नोंद. तिथं दगड शोधत बसू नका. १८०२ मध्ये इंग्रज सर्वेक्षक लॅम्ब्टननं मद्रासहून ही मोजणी सुरू केली आणि ७८ रेखांश धरून ती उत्तरेकडं नेली. तो रेखांश आपल्या माहूर आणि किनवटच्या मधून जातो.

१:५०,००० चं शीट घ्या, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. सारखी उंची जोडणाऱ्या तपकिरी रेषा दर वीस मीटरला, पाचवी रेषा जाड. आपले डोंगर बेसॉल्टचे, पायऱ्यापायऱ्यांचे. म्हणून रेषा एकदम दाटतात, मग मोकळ्या होतात, पुन्हा दाटतात. दाटल्या की कडा समजा. रेषांचं टोक उताराकडं असेल तर ती सोंड, चढाकडं असेल तर घळ. चढायचं सोंडेनं. घळीतून वाट सोपी वाटते, पण वर गेल्यावर कडा आडवा येतो.

[पडद्यावर: फोनवरचं ठिकाण आणि शीटवरचं ठिकाण]

इथं हमखास फसगत होते. जुनी शीटं एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे एव्हरेस्ट नावाच्या सर्वेक्षकानं ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढलेली. फोन डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे जीपीएसच्या वेगळ्या आकारावर चालतो. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये टाकले तर शंभरेक मीटर इकडंतिकडं सहज होतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नवीन, सगळ्यांसाठी खुल्या ओपन सिरीज शीटला ही अडचण नाही. उंचीचंही तसंच. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता कच्ची जीपीएस उंची दाखवतात. ती आपल्या भागात साठ ते ऐंशी मीटर कमी येते. आकडा जुळेना म्हणून डोंगर चुकला असं समजू नका.

जायचं डिसेंबर-जानेवारीत. दिवाळीच्या आसपास कुसळी गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यातून आत घुसतात. पावसाळ्यात पायथ्याची काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते. माणशी तीन लिटर पाणी घ्या, वर थेंब मिळत नाही. पायथ्याला गुराख्याला विचारा, पण ‘सर्वेचा दगड’ म्हणू नका. तो तुम्हाला शेताच्या सर्वे नंबरचा, शिवेचा दगड दाखवील. ‘अगदी वरच्या माथ्यावर दगडांचा ढीग आहे का?’ असं विचारा.

[माथा, कॅमेरा सावकाश फिरतो]

खरा घोळ माथ्यावर. माथा सपाट, कधी दोन-दोन फुटबॉलची मैदानं मावतील एवढा. मधोमध शोधू नका. शेजारच्या डोंगराकडं धरलेली नजर माथ्याच्या जमिनीला घासून गेली तर तापलेल्या हवेत ती वाकते आणि कोन चुकतो. म्हणून जिथून चहूकडं मोकळं दिसतं, असा उंचवटा आधी बघा.

तिथं ढीग दिसला तरी लगेच हात घालू नका. आपल्याकडं दगडाखाली फुरसं आणि विंचू ठरलेले. काठीनं ठोका, दगड आपल्याकडं ओढून उचला, म्हणजे खालचं जनावर पलीकडं निघेल. ढीग नंतर होता तसाच रचायचा, कारण खालची खूण तोच जपतो.

खूण म्हणजे जागच्या खडकात नाहीतर पुरलेल्या दगडात कोरलेलं एक वर्तुळ, मधोमध टिंब. बस्स. दगडफुलानं भरलेलं असतं, दुपारच्या उन्हात डोळ्यांना दिसतच नाही. दगडावर ओंजळभर पाणी टाका आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, कोर उठून दिसते. तरी शंका आली तर बोट फिरवा. खडू लावायचा नाही, घासायचं तर मुळीच नाही.

आणि सगळं करूनही सापडलं नाही तर? माथ्यावर देऊळ, दर्गा किंवा टॉवर आहे का बघा. उंच मोकळी जागा सगळ्यांनाच हवी असते. खूण चौथऱ्याखाली गेली असेल, तर चौथऱ्याभोवती एक चक्कर मारायची आणि ऊन चढायच्या आत उतरायला लागायचं.