पाण्यावरची वहिवाट

मंडळी, माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. त्यामुळे कालवा म्हटला की माझ्या मनात आधी उतार येतो. धरणातून पाणी सुटलं, आवर्तन सुरू झालं, की मुख्य कालवा, फाटा, चारी असं करत ते टेलच्या शेतापर्यंत पोचलं पाहिजे. तिथवर पोचलं का, यावर आमची अब्रू ठरायची. मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा घरामागचा कालवा बघत मी कितीतरी वेळ उभा होतो. पाणी जवळजवळ हलतच नव्हतं! बांधणाऱ्यांनी तो मुद्दाम सपाट ठेवलेला. शेती भिजवायला तो नव्हताच. कोळसा, चुनखडी, लोखंड वाहून न्यायला होता.

मग सपाट कालवा टेकडी कशी चढतो? लॉकनं. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला विटांचा हौद समजा. होडी आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा लोखंडी हँडलनं उचलायच्या. वरच्या टप्प्यातलं पाणी आत येतं आणि होडी त्याच्याबरोबर वर येते. पंप नाही, वीज नाही. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला टार्डबिग गावी अशी ३० लॉक ओळीनं आहेत. हे हौद जेमतेम सात फूट रुंद, म्हणून होड्याही तितक्याच अरुंद आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत. मी काठावर बसून हिशोब केला. सात फूट चढाचं एक लॉक भरायला साधारण एक लाख लिटर पाणी लागतं, आणि ते खाली गेलं की गेलं. म्हणून माथ्यावर तलाव बांधावे लागले. बर्मिंगहॅमहून स्ट्रॅटफर्ड गावाला जाणाऱ्या स्ट्रॅटफर्ड कालव्याला पाणी देणारे अर्ल्सवुडचे तलाव तसेच.

या स्ट्रॅटफर्ड कालव्याबद्दलच मला आज मुख्यतः सांगायचं आहे. रेल्वे आली तसे कितीतरी कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले. स्पर्धकाच्या मालकीची वाट कोण झाडून-पुसून ठेवणार? गाळ साठला, गवत माजलं. याच कालव्यावर लिफर्डला उचलत्या पुलाच्या जागी युद्धकाळात न उचलणारा पूल टाकला गेला. खालून होडी जाईना. पण कालवा ज्या कायद्यानं बांधला, त्यात जाण्यायेण्याचा हक्क लिहिलेला होता आणि तो रद्द झालेला नव्हता. १९४६ साली टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी काही मंडळींबरोबर कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था काढली. रोल्ट पत्नीसह ‘क्रेसी’ नावाच्या होडीतच राहायचे. मे १९४७ मध्ये त्यांनी रीतसर कळवलं, की मला या पुलाखालून जायचं आहे. रेल्वेला माणसं पाठवून, जॅक लावून पूल उचलावा लागला. क्रेसी खालून गेली.

आपल्याकडे बांधावरच्या वाटेचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वाट कुणी अडवली की मामला तहसीलदाराकडे जातो आणि पहिला प्रश्न येतो, वहिवाट कुणाची? गाडी जात होती का? इंग्लंडमधले हे होडीवाले पाण्यावर तीच वहिवाट राखत होते. ऑगस्ट १९५० मध्ये मार्केट हार्बरो या गावी त्यांनी पहिला मोठा मेळा भरवला. शंभरावर होड्या आल्या. होड्यांचं प्रदर्शन, नाटकं, लोकांना फेऱ्या, सगळं झालं. पण माझ्या मते खरं काम वाटेवरच झालं होतं. गाळात रुतत, होडी पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात अडकलेलं गवत काढत, गंजलेल्या झडपा उघडत प्रत्येक होडी तिथवर आली, म्हणजे तितके मैल कालवा चालू आहे हे तिनं सिद्ध केलं.

संस्थेत पुढे फूट पडली. सगळे कालवे वाचवायचे हा एकमन यांचा आग्रह. रोल्ट यांचा जीव कालव्यावर पोट असलेल्या नाववाल्यांत जास्त. १९५१ मध्ये रोल्ट यांना संस्थेतून काढलं गेलं. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच ती फूट वाचताना वाईट वाटतं.

आता १९५८ साल. एक मोडका पूल नव्यानं बांधण्याचा खर्च टाळावा म्हणून तिथल्या काउंटी कौन्सिलनं स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग कायमचा बंद करण्याची परवानगी मागितली. कारण काय, तर गेल्या तीन वर्षांत इथून कुणी गेलंच नाही. आणि पुरावा म्हणून समोर काय आलं? वल्ह्यानं चालवायच्या छोट्या कनूतून त्या गवतातून गेलेल्या दोघांनी भरलेल्या टोलच्या पावत्या! तारखेसकट. पावती जपून ठेवणारा माणूस मला आधीपासून आवडतो; खात्यात असल्या एकेका चिठ्ठीवर मी भांडणं मिटलेली पाहिली आहेत. १९५९ मध्ये परवानगी नाकारली गेली.

मग जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं तो भाग भाड्यानं घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या हाताखाली स्वयंसेवक, सैनिक आणि चक्क कैदी गाळ उपसत होते. १३ मैल कालवा, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. जुलै १९६४ मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. मी तो काठाकाठानं चाललो आहे. तिथल्या छोट्या लोखंडी पुलांना मधोमध बोटभर फट असते. पूर्वी होडी घोडा ओढायचा. दोर सोडायला लागू नये, तो फटीतून सरकावा, म्हणून ती फट. असा विचार करणाऱ्या कारागिराला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. हा कालवा शेवटी थेट शेक्सपिअरच्या गावातल्या नाट्यगृहाच्या दारात जातो.

आता बर्मिंगहॅमचं सांगतो. तिथे अजून सुमारे शंभर मैल कालवे आहेत. गजबजलेल्या भागात होड्या भरपूर, कारखान्यांमागच्या फाट्यांवर चिटपाखरू नाही. त्यासाठी होडीवाल्यांची एक स्पर्धा होते. चोवीस तास होडी चालवायची आणि गुण मिळवायचे. वेगाचा प्रश्नच नाही, ताशी चार मैलांच्या वर जायचंच नसतं. जास्त गुण कुठे, तर जिथे कुणी जात नाही अशा फाट्यांवर. मुलीच्या शेजाऱ्यांनी एका वर्षी मला सोबत घेतलं. लॉकचं हँडल माझ्या हाती दिलं.

रात्री अकराच्या सुमाराला स्मेदिकजवळ इंजिन गुरगुरलं आणि थांबलं. पंख्यात काहीतरी गुंतलं होतं. इंजिन बंद करून होडीच्या मागच्या भागातलं झाकण उघडतात आणि थेट पंख्यापर्यंत हात घालतात. मी म्हटलं, मी बघतो. पाणी बर्फासारखं. आधी प्लास्टिक आलं, मग तार, मग सुताचा एक लांबच लांब पट्टा. बॅटरीच्या उजेडात जरीचा काठ चमकला. साडी होती. बाजूला पाण्यावर एक नारळही तरंगत होता. त्या भागात आपल्याकडचे पुष्कळ लोक राहतात. कुणीतरी आपली नदी समजून या पाण्यात सोडला असणार. शेजारी म्हणाले, हे नारळ आम्हाला नेहमी भेटतात, आम्ही त्यांना चुकवून जातो. मी साडी पिळून छतावर वाळत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि आम्ही पुढच्या फाट्याला लागलो. तिथले अजून गुण बाकी होते.