लग्नघरातले हातकाम: काय घरी करावे आणि काय बाजारातून आणावे

(इंदूर येथील मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सर्वांना नमस्कार. आजचा विषय ज्या घरांत तुळशीच्या लग्नानंतर कार्य निघणार आहे त्यांच्यासाठी आहे, आणि पुढच्या रांगांत वही-पेन घेऊन बसलेल्या आया पाहता अशी घरे येथे बरीच आहेत असे दिसते. मी सुरुवात खर्चापासूनच करते, कारण ‘घरी केले की स्वस्त पडते’ हे वाक्य आपण फारसा विचार न करता बोलतो आणि ते निम्मेच खरे आहे.

लग्नाच्या सामानात काही वस्तू अशा असतात की त्या एकदाच लागतात. अंतरपाट एक, मुंडावळ्यांची जोडी एक, गौरीहर एक, मंडपामागचा पडदा एक. काही वस्तू मात्र माणसागणिक लागतात: जेवणाचे ताट, पत्रिका, अक्षतांची पुडी, परतभेट. एकदाच लागणाऱ्या वस्तू बाजारात महाग मिळतात, कारण त्यांच्या किमतीत मालापेक्षा मजुरीचा वाटा मोठा असतो आणि ती मजुरी घरच्या माणसांनी उचलली की पैसा खरोखर वाचतो. माणसागणिक लागणाऱ्या वस्तूंत मालाचा खर्च पाहुण्यांच्या संख्येने गुणला जातो, आणि त्या घरी करायला घेतल्या तर आपले तासही त्याच संख्येने गुणले जातात. म्हणून माझे सांगणे असे की, एकेकट्या वस्तू हौसेने हाताने कराव्यात. माणसागणिक लागणाऱ्या वस्तू आधी कमी कराव्यात, शक्य तर रद्दच कराव्यात, आणि त्यातून ज्या उरतील त्या निमूटपणे विकत आणाव्यात.

अक्षतांच्या पुडीचेच पाहा. अलीकडे प्रत्येक खुर्चीवर रंगीत कागदाचा एक कोन ठेवण्याची पद्धत पडली आहे आणि तो घरी सहज होतो असे सांगितले जाते. होतो, यात शंका नाही. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले तर ३०० पाहुण्यांना ७५ कागद पुरतात, म्हणजे कागदाचा खर्च नगण्यच. परंतु कापणे, वळणे, चिकटवणे आणि भरणे मिळून एका पुडीला दोन मिनिटे धरली तरी ६०० मिनिटे, म्हणजे एका माणसाचे दहा तास गेले. आणि त्यातल्या बऱ्याच पुड्या मंगलाष्टके संपल्यावर खुर्च्यांखाली न उघडलेल्या सापडतात. पूर्वी दोन करवल्या परात घेऊन मंडपात फिरत आणि ज्याला हव्यात तो चिमूटभर उचलत असे. ती पद्धत पुन्हा सुरू केली तर पुडीची गरजच उरत नाही. तांदळाचाही हिशेब याच ओघात करावा. मूठ २० ग्रॅमची धरली तर ३०० माणसांचे ६ किलो तांदूळ पायदळी जातात. चिमटीने घेतले तर एक-दीड किलोत काम भागते. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळण्याचा आग्रह काही घरांत असतो, पण कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर ओल्या पाकळ्यांवरून आजोबांचा पाय घसरतो, हेही ध्यानात ठेवावे.

अक्षता रंगवणे मात्र घरीच करावे. हळद क्षाराच्या संपर्कात आली की लाल होते, आणि खरे कुंकू याच गुणावर तयार होते. बाजारातल्या स्वस्त पिंजरीत रासायनिक रंग असतो. ओल्या पांढऱ्या सुती फडक्यावर ती घासून पाहावी, डाग धुऊन निघाला नाही तर तो वराच्या उपरण्यावरूनही निघणार नाही. तांदळाला तुपाचे अगदी थोडे बोट लावून मग कुंकू चोळावे आणि सावलीत पसरावे. पाणी जास्त झाले तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि रंग हाताला लागतो.

आता अंतरपाटाकडे येते. हातकामाला खरा न्याय मिळतो तो येथे, म्हणून यावर थोडे अधिक बोलते. अंतरपाट म्हणजे साधारण दोन मीटर रुंद आणि एक-सव्वा मीटर उंच कापड. दोन माणसांनी दोन टोके धरून ते उभे धरायचे असते, आणि घरात मंगलाष्टके रचून म्हणणाऱ्या मावश्या-आत्या असतील तर चांगला पाव तास किंवा त्याहूनही अधिक वेळ धरायचे असते. अंतरपाटावर मणी, आरसे, जाड जरीचे काठ आणि आत अस्तर असा सगळा साज चढवला की तो छायाचित्रात शोभतो, पण धरणाऱ्यांचे हात तिसऱ्या मंगलाष्टकालाच थरथरू लागतात. तेव्हा कापड हलके घ्यावे आणि वरच्या कडेला नेफा शिवून त्यात बांबूची बारीक काठी सरकवावी, म्हणजे पडदा मध्ये झोळीसारखा पडत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अंतरपाटाला उलटी बाजू नसते. एका बाजूने वधू पाहत असते, दुसऱ्या बाजूने वर. समोरून सुरेख दिसणाऱ्या भरतकामाच्या मागे गाठी आणि लोंबते दोरे असतील तर ते कोणाच्या तरी डोळ्यांसमोर पाव तास राहणारच. यावर अस्तर हा उपाय आहे, पण त्याने वजन वाढते. त्यापेक्षा कर्नाटकातील कसूती भरतकामाचा गवंती टाका वापरावा. हा दुहेरी धावता टाका असून जाताना सोडलेल्या जागा परतताना भरल्या जातात, गाठ मारायची नसते आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मधले स्वस्तिक, चार कोपऱ्यांत चार कोयऱ्या आणि खाली वधूवरांची नावे एवढे या टाक्याने सहज होते. फक्त नावे एका बाजूने उलटी वाचली जातात, त्यामुळे ती दोन्हीकडे वेगवेगळी हवी असतील तर कापडी रंगाने लिहावीत आणि रंग पलीकडे उतरू नये म्हणून कापडाखाली पुठ्ठा ठेवावा. रंग पूर्ण वाळल्यावर मागून इस्त्री केली की तो पक्का बसतो.

कापडाच्या बाबतीत आपण इंदूरकर भाग्यवान आहोत. महेश्वर आपल्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे, आणि रेशमी ताणा व सुती बाणा असलेले माहेश्वरी कापड वजनाला हलके असते. शिवाय माहेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, हीच तर तिची ख्याती. दोन्ही बाजूंनी पाहिल्या जाणाऱ्या पडद्यासाठी याहून योग्य कापड मला सुचत नाही. घरात एखादी जुनी माहेश्वरी असेल आणि तिचा पदर विरला असेल, तर धड उरलेल्या भागातून अंतरपाट निघतो आणि नवीन कापडाचा खर्चही वाचतो.

मुंडावळ्यांचे गणित सोपे आहे. चार मिलिमीटरचे मोती एका इंचात सहा बसतात. कपाळावर बारा-बारा इंचांचे दोन सर आणि दोन्ही कानशिलांवर दहा-दहा इंचांचे दोन-दोन सर धरले तर एका मुंडावळीला ६४ इंच, म्हणजे पावणेचारशेच्या वर मोती लागतात. जोडीला पावणेआठशेच्या आसपास. तंगुसाला गाठ टिकत नाही, म्हणून मेण लावलेला दुहेरी सुती दोरा घ्यावा. बांधायच्या दोऱ्या वराच्या बाजूला चांगल्या लांब ठेवाव्यात, कारण त्या फेट्यावरून किंवा पगडीवरून मागे न्यायच्या असतात. माप घेताना नवरदेवाच्या डोक्यावर फेटा असायलाच हवा.

मंडपामागच्या पडद्यासाठी मी घरच्या साड्या सुचवते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. ती मधोमध आडव्या काठीवर टाकली तर दोन्ही बाजूंना पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट खाली येते. मंडपाला तेवढी उंची पुरते, आणि कापड दुहेरी झाल्याने मागचा दिवाही दिसत नाही. साडीचा पन्हा सुमारे ४५ इंच असतो. बारा फुटांचा पडदा चुण्या घालून करायचा तर सहा-सात साड्या लागतात. आजीचा शालू, आईच्या लग्नातली साडी, आत्याची इरकल, मावशीची चंदेरी अशा सहा-सात साड्या जमल्या की भाड्याने आणलेल्या कृत्रिम फुलांच्या भिंतीकडे पाहावेसेही वाटत नाही. दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. जुने रेशीम घडीवर फाटते, म्हणून काठीवर आधी सुती धोतर गुंडाळून मगच साडी टाकावी, आणि पिन लावायची ती केवळ काठात, अंगात कधीही लावू नये. कात्री तर जवळही आणू नये.

थर्माकोलविषयी वेगळे समजावण्याची गरज नसावी. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचे थर्माकोल आहे, प्लॅस्टिकची ताटे-पेले आहेत, आणि पत्रिकेवर गुंडाळले जाणारे पातळ प्लॅस्टिकही आहे. ओला-सुका कचरा वेगळा देण्याची सवय इंदूरला अंगवळणी पडली आहे; तीच शिस्त लग्नातही राहावी. थर्माकोलची उणीव भासू नये एवढे वैभव माळव्याच्या मांडण्यांत आहे. गेरूच्या पार्श्वभूमीवर खडूच्या पांढऱ्या रेघांनी काढलेले मांडणे हळदीच्या अंगणात, बोहल्याच्या कडेने, पाटांखाली काढावे. कार्यालयाची फरशी रंगवू देत नसतील तर जाड सुती कापडावर गेरू फिरवून त्यावर काढावे. ते गुंडाळून नेता येते आणि पुढे धाकट्या बहिणीच्या लग्नातही उपयोगी पडते.

रुखवत ही तर हातकामाची आपली जुनीच परंपरा. पूर्वी त्यात फराळाचे पदार्थ आणि संसाराची भांडी असत. नंतर शंकरपाळ्यांच्या बैलगाड्या, खणाची पावले लावलेली सप्तपदी, मोत्यांचे तुळशीवृंदावन, क्रोशाचे रुमाल असे करत करत ते प्रदर्शनच झाले. माझे मत थोडे कडवट वाटेल, पण जे रुखवत लग्नानंतर माळ्यावर जाते त्यात घालवलेले तास वाया गेले असेच मी समजते. टेबलभर वस्तू करण्यापेक्षा चार वस्तू कराव्यात आणि त्या चारही नव्या घरात रोज हाताशी याव्यात: गोधडी, देवघरातले आसन, खणाची पिशवी, आणि सासरी-माहेरी होणाऱ्या पदार्थांची हाताने लिहिलेली वही. आपल्या अनेक मुली लग्न होऊन पुण्या-मुंबईकडे जातात, त्यामुळे वस्तू घडी होणारी आणि रेल्वेत बर्थखाली मावणारी असावी, ही अटही घालून घ्यावी. ओटीच्या ब्लाउजपीसविषयी मी बोलणार नाही. तो न शिवता एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतच राहणार.

पत्रिकांचे थोडक्यात सांगते. पहिली पत्रिका खजराना गणपतीला, मग कुलदैवताला, मग घरातल्या ज्येष्ठांना. अशा पंचवीस-तीस पत्रिका जाड कागदावर सुरेख हस्ताक्षरात लिहाव्यात आणि चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावावे. बाकीच्यांना त्याच पत्रिकेचे छायाचित्र मोबाइलवर पाठवावे. चमकी आणि सोनेरी फॉइल टाळावी, कारण तसा कागद रद्दीत घेतला जात नाही.

स्वयंपाक घरी करू नये. केळवण, ग्रहमख, हळदीचे जेवण येथपर्यंत ठीक आहे, पण लग्नाच्या पंगतीसाठी आचारीच हवा. येथे बचत होते ती केवळ यादीत. ताट समजा ५०० रुपयांचे असेल आणि पन्नास नावे कमी केली तर २५,००० रुपये वाचतात. एवढी रक्कम आज सांगितलेल्या सगळ्या हातकामातून मिळूनही वाचणे कठीण आहे. लोक काय म्हणतील, हा प्रश्न येणारच. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना, साधे आणि कमी खर्चाचे विवाह लावायला सुरुवात केली, तेव्हाही लोक पुष्कळ बोलले होते आणि तरीही ती लग्ने लागली.

आता वेळेविषयी. चातुर्मासात मुहूर्त नसतात, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंतचे महिने कामाला मोकळे मिळतात. पावसाळ्याच्या दमट हवेत भरतकाम, मणी ओवणे, गोधडी ही सुई-दोऱ्याची कामे उरकून घ्यावीत. कागद, रंग आणि डिंकाची कामे दसऱ्यानंतर घ्यावीत, कारण त्याआधी रंग वाळत नाही आणि कागद लाटेसारखा वाकतो. लग्नाआधीच्या आठवड्यासाठी फुलांखेरीज कोणतेही हातकाम शिल्लक ठेवू नये. झेंडूच्या माळा आदल्या संध्याकाळी ओवून ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्या रात्रीतून काळ्या पडतात.

शेवटची सूचना साड्यांविषयी. पडद्यासाठी साडी घेताना प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी काठाच्या कोपऱ्याला टाचून ठेवावी, आणि कार्य आटोपल्यावर पडदा उतरवायचे काम मांडववाल्यावर न सोडता घरातल्या एका बाईला आधीच नेमून द्यावे. साड्या त्याच रात्री ज्याच्या त्याच्या हाती पडल्या पाहिजेत, कारण दुसऱ्या दिवशी वरात निघाल्यावर कोणाची इरकल कोणत्या बॅगेत गेली याचा शोध महिनाभर चालतो. नमुने त्या टेबलावर ठेवले आहेत. हातात घेऊन, उलटसुलट करून पाहावेत. आता आपले प्रश्न विचारावेत.