दुपारी उलटी वाहणारी वीज

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी जोडले गेले. सारा देश ५० हर्ट्‌झच्या एकाच वारंवारतेवर चालू लागला, तो सोलापूरच्या या जोडामुळे. त्या काळी विजेची दिशा ठरलेली होती : वीज केंद्रातून निघायची, महापारेषणच्या मनोऱ्यांवरून उपकेंद्रात यायची आणि महावितरणच्या ११ किलोव्होल्ट फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीवरून, रोहित्रामार्गे (ट्रान्सफॉर्मरमार्गे) घरात पोहोचायची.

आता जुळे सोलापुरातील एखाद्या गल्लीत एप्रिलच्या भर दुपारी काय घडते ते पाहा. घरमालक कामावर गेलेले असतात, छतावरील सौर पॅनेल पूर्ण जोमाने वीज बनवत असतात आणि घरात न लागणारी वीज नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, उलट रोहित्राकडे निघते. शेवटच्या घरालाही पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळावा म्हणून रोहित्राचा टॅप, म्हणजे बाहेर पडणारा दाब ठरवणारी जोडणी, पूर्वी थोडा चढाच ठेवला जाई. तोच चढा टॅप आता अडचणीचा ठरतो, कारण उलट येणाऱ्या विजेमुळे वाहिनीच्या टोकाचा दाब आणखी वाढतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडताच पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. मालक पॅनेलवाल्याला फोन लावतो. बिचाऱ्या पॅनेलवाल्याचा यात बहुधा काहीच दोष नसतो.

राज्यभरातील विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला ही छते स्वतंत्रपणे दिसत नाहीत, तेथे फक्त मागणी घटल्याचे दिसते. मात्र वळवाचे ढग शहरावर आले की सौर विजेने झाकलेली ती मागणी काही मिनिटांत उघडी पडते. सूर्य मावळताना तर रोजच असे होते, आणि तेव्हा आहेरवाडी-फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या ६६० मेगावॅटच्या दोन संचांसारख्या औष्णिक संचांना भराभर वर चढावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार असे संच ५५ टक्के भारापर्यंत खाली आणता आले पाहिजेत. कोळशाच्या बॉयलरला ही रोजची चढउतार सोसणे सोपे नाही.

सौर कृषी वाहिनी योजनेची मांडणी या दृष्टीने मला अधिक शहाणपणाची वाटते. २०१७ पासूनच्या या योजनेत सौर प्रकल्प ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्राजवळ उभा राहतो आणि तेथूनच निघणाऱ्या शेती फीडरवरील पंप त्या विजेवर दिवसा चालतात, त्यामुळे वीज पारेषणाच्या तारांवर चढतच नाही. पण चांगला पाऊस झाला की पंप बंद होतात, पुढे ऊन पडते आणि शिल्लक वीज वरच्या १३२ किलोव्होल्ट उपकेंद्राकडे सरकते. त्याच उपकेंद्रावर ऊस गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यांनी उसाच्या चिपाडावर बनवलेली सहवीजही येत असेल, तर रोहित्रावरचा भार दोन्ही बाजूंनी मोजावा लागतो आणि एकाच दिशेचा प्रवाह गृहीत धरून लावलेल्या रिलेंची (बिघाड ओळखून वाहिनी तोडणाऱ्या उपकरणांची) सेटिंग नव्याने करावी लागते.

लाइनमनचा प्रश्न वेगळा आहे. पुरवठा गेला की ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तरीही वाहिनी बंद करून कामाचे परमिट घेतल्यावरही लाइनमन तारेवर ती जमिनीशी जोडणारा अर्थिंग रॉड टाकल्याशिवाय खांबावर हात लावत नाही, कारण कुठल्या घरात जनरेटर चुकीच्या जोडणीने चालू असेल याचा नेम नसतो.

आधुनिक इन्व्हर्टर दाब आटोक्यात ठेवू शकतात आणि सांगितल्यास उत्पादनही कमी करतात. ते सांगायचे कोणी, भार प्रेषण केंद्राने की महावितरणने, आणि तेवढ्या बुडालेल्या युनिटांची भरपाई ग्राहकाला कशी द्यायची, हे मात्र आधी नियमांत स्पष्ट असायला हवे.