फीड पंप बदलताना

[दृश्य: अमरावती रोड, नागपूरजवळची वाडी. कडेला उभा ट्रक, बॉनेट उघडं. मागून वाहतूक चालू.]

टाकीत डिझेल आहे. बॅटरी चांगली आहे, स्टार्टर जोरात फिरतो. तरीही ही जुनी टाटा 1613 सुरू होते, दोन-चार मिनिटं चालते आणि रेस दिली की गचके खाऊन बंद पडते. ड्रायव्हर उतरतो, मडगार्डवर चढतो, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या कुशीतला काळा गोल दांडा, म्हणजे हातपंप, हातानं खालीवर करतो. गाडी सुरू. गोंडखैरीच्या पुढे आली की पुन्हा बंद. कोंढाळीहून निघालेली गाडी अशी ढकलत-ढकलत वाडीपर्यंत पोचली.

"मिस्त्री, हवा घेऊन राहिली जी."

"घेऊन राहिली असंन. पण कुठून, ते तर पाहू दे."

डिझेल गाडी बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक जण पहिलं निदान हवेचंच करतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात हवेचा बुडबुडा अडकला की मुख्य पंपाचा, म्हणजे इंजेक्शन पंपाचा, सगळा जोर तो बुडबुडा आवळण्यात जातो. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडायला सुमारे 200 बार दाब लागतो. तो तयारच होत नाही.

[दृश्य: पारदर्शक नळी, आतून डिझेल जाताना. जवळून.]

मिस्त्रींनी टाकीकडून येणारा पाइप सोडवून मध्ये ही प्लास्टिकची नळी जोडली आहे. नीट पाहा. हातपंप मारला की डिझेल येतं, एकसंध, बिनबुडबुड्याचं. म्हणजे टाकीपासून इथपर्यंत कुठेही हवा शिरत नाही. दांडा हाताला घट्ट लागतो, म्हणजे आतले दोन्ही व्हॉल्व्हही शाबूत आहेत. आता तोच फीड पंप इंजिनानं चालवून बघायचा. पुढच्या बाजूचा बँजो बोल्ट, म्हणजे पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, सैल केला, ड्रायव्हरनं सेल्फ मारला. इथून पिचकारी उडायला हवी होती. ओघळ आला.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली. मुख्य पंपाच्या पोटातलं ऑइल बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. पातळ झालंय, डिझेलचा वास मारतंय. त्यांचं निदान तिथेच झालं. आम्हाला कळायला पंप उघडेपर्यंत थांबावं लागलं.

[दृश्य: उघडलेला फीड पंप, सुटे भाग कापडावर मांडलेले.]

हाच तो फीड पंप. मुठीत मावेल एवढा. टाकीतलं डिझेल ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं आणि मुख्य पंपाच्या दाराशी एक-दीड बारनं उभं करायचं, एवढंच याचं काम. मुख्य पंपाच्या कॅमशाफ्टवर एक टेंगूळ असतं. ते रोलरला धक्का देतं, रोलर दांडीला, दांडी पिस्टनला. पण गंमत अशी की हा धक्का डिझेल पुढे पाठवत नाही. तो पिस्टन मागे नेतो, स्प्रिंग दाबतो आणि डिझेल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवतो. टेंगूळ सरकलं की स्प्रिंग पिस्टनला परत ढकलते. तेव्हा पुढचं डिझेल बाहेर जातं आणि त्याच क्षणी मागून नवं ओढलं जातं. इंजिनाला डिझेल कमी लागत असेल तर पुढे दाब साचतो, स्प्रिंगला पिस्टन पूर्ण ढकलता येत नाही, पंप आपोआप कमी देतो. ना सेन्सर, ना वायर. एक स्प्रिंग हा सगळा हिशेब ठेवते.

या गाडीत ती स्प्रिंग ढिली पडली आहे. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आहेत. नख फिरवलं तर अडकतं. गावातल्या पाण्याच्या हातपंपाचं वायसर झिजल्यावर पाणी जसं वर न येता खालीच निसटतं, तसं डिझेल पिस्टनच्या बाजूनं मागे निसटतं. आणि दांडीच्या भोकातून झिरपून ऑइलमध्ये उतरतं. वास होता तो त्याचा.

[दृश्य: बॉनेट, समोरून. गंजलेला लोगो.]

या रचनेचं मूळ जुनं आहे. ट्रकसाठी डिझेलचे इंजेक्शन पंप जर्मनीच्या बॉश कंपनीनं 1927 साली मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. भारतात 1951 मध्ये मायको कंपनी निघाली, आणि 1954 पासून टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बांधू लागली. मायकोचं नाव 2008 मध्ये बॉश झालं. वाडीत मात्र कोणीही अजून बॉश पंप म्हणत नाही. इथे तो मायकोच.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक निकषांच्या, झाल्या. त्यांच्या इंधन यंत्रणेत बिघाड झाला की आधी स्कॅनर लागतो, मग पाना. इथे पाना पुरतो.

[दृश्य: नवा पंप खोक्यातून काढताना. मग हात, फक्त हात.]

किट टाकून भागलं असतं का? स्प्रिंग, व्हॉल्व्ह, रिंगा किटमध्ये मिळतात. पण इथे पंपाचं शरीरच झिजलंय, त्याला किटचा उपयोग नाही. म्हणून नवा. ड्रायव्हरनं डुप्लिकेटची चौकशी करून पाहिली. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही, नुसतं पाहिलं.

बसवायला तीनच नट. पण घाई केली तर तीनही भारी पडतात. आधी इंजिन हातानं थोडं फिरवून कॅमचं टेंगूळ पलीकडे नेलं, म्हणजे रोलर आत जाताना झगडा नको. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडलं. नवं लावलं, जुनं जेवढ्या जाडीचं होतं तेवढ्याच जाडीचं. जाड पॅकिंग लावलं तर पंप कॅमपासून दूर बसतो आणि पिस्टनची चाल (स्ट्रोक) तेवढी कमी मिळते. नट आळीपाळीनं आवळले. आणि ज्या ऑइलमध्ये डिझेल उतरलं होतं ते काढून नवं भरलं. ही पायरी विसरणारे बरेच आहेत. नवा पंप बसतो आणि मुख्य पंप पातळ ऑइलवर झिजत राहतो.

[दृश्य: गॅसच्या ज्योतीत तांब्याचा वॉशर लाल होताना.]

हे गाडीपासून लांब, शेडच्या मागे. बँजो बोल्टखालच्या वॉशरांपैकी एका मापाचा नवा दुकानात मिळाला नाही. हाताखालचा मुलगा आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आला आहे. जुना वॉशर लाल करून पाण्यात टाकला की तांबं पुन्हा मऊ होतं, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. इथे तो पहिल्यांदा करतोय. दुसऱ्या खेपेला जमलं. पहिला वितळला.

आता हवा काढायची. पंप बदलताना ती शिरतेच, म्हणजे आता खरोखरच गाडीनं हवा घेतली आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल, हातपंप चालू. आधी फेस, मग फुसफुस, मग सलग धार. स्क्रू बंद. तसंच मुख्य पंपावर. मग नोझलकडचे नट सैल करून सेल्फ.

[दृश्य आणि मूळ ध्वनी: सेल्फ, दोन ठोके, मग इंजिन. इथे निवेदन नाही.]

हातपंपाचा दांडा फिरवून खाली लॉक केला. तो उघडा राहिला तर तिथून डिझेल गळतं.

गाडीत अंबिया बहाराची संत्री होती. ती सकाळीच दुसऱ्या गाडीत टाकून कळमन्याच्या बाजारात गेली. उशिरा पोचलेल्या मालाला जो भाव मिळतो तो मिळाला. गाडीला आठ वर्षं उलटून कैक वर्षं झाली आहेत, त्यामुळे दर वर्षी फिटनेसची तपासणी, आणि काळा धूर निघाला तर तो तिथे नडतो.

[दृश्य: मिस्त्री हात पुसत, ड्रायव्हर केबिनमध्ये.]

ड्रायव्हर चक्कर मारून आला, खूश आहे. मिस्त्री नाहीत.

"खाली गाडी हाय, चालणारच. माल भरून चढावर दम धरते का, ते सांग मले."

"धरंन ना जी."

"आन् परत येशीन तवा थांब पाच मिनिटं. पॅकिंग बसलं की नट सैल होते, आवळून देतो. टाकीची जाळीबी काढून धू. तिथला गाळ आला तर हाबी पंप जाईन."