वारा पाहून काठ निवडावा

मित्रहो, आजचा जाहीर विषय ‘मोठ्या जलाशयावरचा वारा आणि काठावरून ट्राउट धरणे’ असा आहे; ट्राउट म्हणजे थंड पाण्यात राहणारा मासा. त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी काठावरच्या एका सवयीविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही.

पहाटे जलाशयावर पोहोचलेला माणूस वेडर, म्हणजे पाण्यात उभे राहण्यासाठीची जलरोधक विजार, चढवतो, थेट कंबरेइतक्या पाण्यात शिरतो आणि तिथून सारी ताकद लावून जमेल तितका लांब गळ फेकतो. इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरसारखा सुमारे १२ चौरस किलोमीटरचा जलाशय समोर पसरलेला असला की मासा दूरच असणार, असे मनाला वाटते, हे मी समजू शकतो. पण ट्राउट रात्री काठालगतच्या उथळ पाण्यात चरायला आलेला असतो. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो तिथेच पाणवनस्पती वाढतात, आणि गोगलगायी व जलकीटकांच्या अळ्या त्यांच्याच आश्रयाने दाटीने राहतात. उजेड चढेपर्यंत मासा तिथेच रेंगाळत असतो, आणि नेमक्या त्याच पाण्यात आपण पाय रोवून उभे राहतो! पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. बुटाखाली गोटे करकरले की ती वार्ता माशापर्यंत लगेच पोहोचते आणि तो खोल पाण्याकडे निघून जातो. मग मागून येणाऱ्या प्रत्येकाला आणखी खोल शिरावे लागते. समोरच्या रांगेतल्या काही माना खाली गेल्या आहेत, तेव्हा मुद्दा पोहोचला असे धरतो. पाण्याखालून माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते, आणि त्या शंकूच्या कडेला येणारी बुटकी आकृती त्याला फारशी जाणवत नाही. म्हणून काठापासून मागे, गुडघ्यावर बसून, पहिले काही फेक काठाला समांतर करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा वाऱ्याचे आता भरभर सांगतो.

वारा पृष्ठभागावरचे ऊबदार पाणी ढकलत समोरच्या काठावर साठवतो, आणि जिथून तो सुटतो त्या काठाशी खालचे गार पाणी वर येते. वसंताच्या आरंभी पाणी थंड असते, तेव्हा वारा येऊन आदळतो तो काठ धरावा. तिथे थोडी ऊब असते, वाहत आलेले किडे साठतात, आणि लाटांनी गढुळलेल्या पाण्यात मासा निर्धास्तपणे जवळ येतो. उन्हाळ्यात हिशेब उलटतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ट्राउटला ते सोसत नाही. अशा वेळी वाऱ्याकडे पाठ करून गार पाण्याच्या काठावर उभे राहावे. त्याहूनही जास्त ताप असेल, तर गळ टाकूच नये, कारण सोडून दिलेला मासाही मग जगेलच असे नाही.

पृष्ठभागाजवळ चरणारा ट्राउट बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पोहत येतो, म्हणून वाऱ्याला आडवा फेक करून दोरी कमानीत वाहू द्यावी. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वारा डाव्या खांद्यावर घ्यावा. उजवीकडून आलेला वारा गळ थेट चेहऱ्याकडे आणतो. चष्मा मात्र दोन्ही बाजूंच्या वाऱ्यात लावावाच.