स्टँडअलोन ॲपमध्ये ऑडिओ सेटिंग्ज द्या, पण वापरणाऱ्याची निवड पुसू नका!

नमस्कार मंडळी! तानपुऱ्याच्या प्लगिनचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. रीपर, क्यूबेस अशा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन छान वाजतं, मग स्टँडअलोन, म्हणजे तेच वाद्य स्वतंत्र ॲप म्हणून, उघडलं की आवाज भलतीकडूनच का येतो? आज तेवढंच बघू.

सोपं आहे ते भराभर उरकते. होस्टमध्ये, म्हणजे त्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये, असताना ऑडिओ कार्डाची काळजी होस्ट घेतो, स्टँडअलोनमध्ये ती तुमच्या गळ्यात. ज्यूस (JUCE) या ऑडिओ ॲप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ऑडिओ-डिव्हाइस-मॅनेजर आहे. त्याला ऑडिओ-डिव्हाइस-सिलेक्टर-कंपोनंट जोडला की ड्रायव्हर, आउटपुट, सॅम्पल रेट, बफर असे सगळे ड्रॉपडाउन आयते मिळतात, टेस्टचं बटणसुद्धा. प्लगिनचंच स्टँडअलोन बिल्ड केलंत तर ऑप्शन्सच्या बटणामागे हे आधीच बसवलेलं असतं. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल, बफर म्हणजे कार्डाला एका वेळी दिलेला त्यांचा गठ्ठा. त्याचं गणित पाठच असेल: 48000 ला 256 सॅम्पल म्हणजे साधारण 5.3 मिलिसेकंदांचा उशीर, 1024 म्हणजे 21. तानपुऱ्याला 1024 खुशाल चालतो, तबल्याच्या पॅडला नाही. झालं, पुढे.

हो, "माइक चालतच नाही" अशा कमेंट ढिगाने आल्यात. चालतो हो! स्टँडअलोन पहिल्यांदा उघडताना इनपुट मुद्दाम म्यूट करून ठेवतं. नाहीतर लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज त्याच लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतो आणि कान फाटेल अशी शिट्टी बसते. हेडफोन लावा, सेटिंग्जमध्ये जाऊन म्यूटची टिक काढा.

एका दर्शकांनी लिहिलंय, "गायकाला कशाला या भानगडी? सरळ सॅम्पल रेट 44100 ठरवून टाका." नाही, अजिबात नाही! समजा कोडमध्ये 44100 धरलंय आणि कार्ड 48000 वर चालतंय. सूर जवळजवळ 147 सेंट चढतो (100 सेंट म्हणजे एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर). म्हणजे काळी 1 चा तानपुरा पांढरी 2 आणि काळी 2 च्या मधोमध कुठेतरी वाजणार. गाणाऱ्या माणसाला वाटतं, आज तार षड्ज का लागत नाहीये, घसा बसलाय की काय! प्रिपेअर-टू-प्ले या, आवाज सुरू होण्याआधी बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये जो रेट हातात येतो तोच खरा. रेकॉर्ड केलेला तानपुरा वापरत असाल तर तो त्या रेटला रिसॅम्पल करून घ्या. आणि हे फंक्शन एकदाच बोलावलं जाईल असं धरू नका, ड्रॉपडाउन बदलला की ते पुन्हा येतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा व्हिडिओ केला.

माझ्या ओळखीच्या एक बाई गाण्याचा क्लास घेतात. लॅपटॉप, यूएसबी इंटरफेस (बाहेरून जोडायचं ऑडिओ कार्ड), त्याला दोन स्पीकर. एकदा इंटरफेसची केबल लावायची राहिली. तानपुऱ्याचं ॲप लॅपटॉपच्या स्पीकरवर सुरू झालं. इथवर ठीकच, गप्प बसण्यापेक्षा बरं. पण दुसऱ्या दिवशी केबल जागेवर, तरी आवाज लॅपटॉपमधूनच! मुली सतरंजीवर बसून वाट बघतायत आणि बाई सेटिंग्ज शोधतायत. ॲपने नाइलाज म्हणून घेतलेलं डिव्हाइस "बाईंनी निवडलं" असं लिहून ठेवलं होतं. मला याचा मनापासून राग येतो.

(स्क्रीनवर कोड)

हे बघा, सेट-ऑडिओ-डिव्हाइस-सेटअप. याचा दुसरा पॅरामीटर सगळे डोळे झाकून ट्रू देतात. नाव नीट वाचा: ट्रीट-ॲज-चोझन-डिव्हाइस. माणसाने स्वतः निवडलं असेल तरच ट्रू. तुमच्या कोडने तात्पुरतं काही उघडलं असेल तर फॉल्स.

हेच आता फाइलच्या बाजूने. ॲप बंद होताना बरेच जण गेट-ऑडिओ-डिव्हाइस-सेटअप बोलावून चालू असलेलं डिव्हाइस साठवतात. ते नको. क्रिएट-स्टेट-एक्सएमएल वापरा. ते माणसाने शेवटचं काय निवडलं होतं ते एक्सएमएल मजकुराच्या रूपात देतं. नल, म्हणजे रिकामं, आलं तर त्याने अजून काही निवडलेलंच नाही, मग काही लिहायचं नाही. पुढच्या वेळी तेच एक्सएमएल मॅनेजरच्या इनिशियलाइज फंक्शनला द्या आणि डिव्हाइस नसेल तर डीफॉल्ट घेण्याची परवानगी ट्रू ठेवा. डीफॉल्टवर गेलं तरी मूळ निवड शाबूत राहते.

आणि तेच बाईंच्या बाजूने. पडद्यावर एक ओळ दाखवा: "तुमचा इंटरफेस सापडला नाही, सध्या लॅपटॉपचा स्पीकर सुरू आहे." बास! एवढी ओळ दिसली असती तर बाईंनी आधी केबल बघितली असती.

"मग मध्येच केबल जोडली तर ॲपने आपोआप उडी मारावी का?" हा प्रश्न येणारच. माझं मत, नाही. रियाज चालू असताना तानपुरा मध्येच तुटणं फार वाईट. त्याच ओळीशेजारी "परत जोडा" असं बटण द्या, गाणारा आपल्या सोयीने दाबेल.

तपासायचं कसं? इंटरफेस निवडा, ॲप बंद करा. केबल काढा, ॲप उघडा, थोडं वाजवा, बंद करा. केबल लावा, पुन्हा उघडा. ड्रॉपडाउनमध्ये इंटरफेसचं नाव दिसलं पाहिजे. लॅपटॉपचा स्पीकर दिसला, तर तुमचा सेव्ह करण्याचा कोड कमेंटमध्ये टाका, मी बघते.